शंभर नातवंडांचा आजा : डेनिस बँक्स

२९ ऑक्टोबर २०१७ रोजी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, रॉचेस्टरच्या इस्पितळात ८० वर्षांच्या एका म्हाताऱ्याने प्राण सोडला. हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती, त्यात न्यूमोनियाने गाठले. घरची माणसे खाटेभोवती जमली होती. शेवटच्या घटकेला त्याच्या पुढच्या प्रवासासाठी चार गाणी म्हटली गेली आणि मग सगळ्यांनी मिळून चळवळीचे गीत म्हटले. आपल्याकडे जुन्या भीमसैनिकाच्या अंत्ययात्रेत रात्रभर भीमगीते चालतात, तसाच हा प्रकार. त्या म्हाताऱ्याचे नाव डेनिस बँक्स. स्वतःच्या भाषेतले नाव नोवा कमिग. वीस लेकरांचा बाप आणि शंभरावर नातवंडांचा आजा. अमेरिकेच्या सरकारने एकेकाळी ज्याच्या मागे पोलीस, वकील आणि गुप्तहेर लावले होते, तोच हा माणूस.

मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका खेड्यात बसून या परक्या माणसावर का लिहितो आहे, असा प्रश्न वाचकाला पडेल. त्याचे पहिले उत्तर राष्ट्रपिता जोतिराव फुले यांनी १८७३ सालीच देऊन ठेवले आहे. ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांनी अमेरिकेतली गुलामी संपवणाऱ्या लोकांना अर्पण केला, हे आपण दरवर्षी भाषणात सांगतो. पण त्याच ग्रंथाच्या इंग्रजी प्रस्तावनेत जोतिरावांनी युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांनी अमेरिकेच्या मूळ रहिवाशांवर केलेल्या क्रौर्याची आठवण काढली आणि या देशातल्या मूळ लोकांवर आर्यांनी केलेल्या जुलमाशी त्याची तुलना केली, हे फारसे कोणी सांगत नाही. पुण्यात बसून जोतिराव तिकडे पाहू शकत होते. आपण मात्र त्या लोकांना आजही ‘रेड इंडियन’ म्हणून मोकळे होतो. दुसऱ्याने चिकटवलेले नाव किती बोचते, हे ‘हरिजन’ शब्द ऐकून घेतलेल्या समाजाला तरी कळायला हवे.

डेनिस बँक्स यांचा समाज स्वतःला अनिशिनाबे म्हणवतो. ओजिब्वे हे त्यांचे दुसरे नाव. अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवर जी मोठी सरोवरे आहेत, त्यांच्या काठाचे हे लोक. मासेमारी, मेपल झाडाच्या रसाची साखर आणि तळ्यात आपोआप उगवणारा भात यांवर त्यांचे जगणे. हा भात ते होडीतून काढतात. काठीने लोंब्या होडीत झोडपतात आणि थोडे दाणे पाण्यात पडू देतात, म्हणजे पुढल्या वर्षाची पेरणी झाली. अशा लोकांच्या लीच लेक या राखीव भूभागावर १२ एप्रिल १९३७ रोजी डेनिसचा जन्म झाला. (तारीख पाहा. ११ एप्रिल जोतिरावांची, १४ एप्रिल बाबासाहेबांची, आणि मधल्या दिवशीची ही.) बाप लांब होता. पोर आजी-आजोबांच्या घरी वाढत होते. घरात ओजिब्वे भाषा होती.

पाचव्या वर्षी सरकारी बस आली. डेनिस आणि त्याच्या भावंडांना उचलून शेकडो मैल दूर पाइपस्टोनच्या सरकारी निवासी शाळेत टाकण्यात आले.

या शाळा काय होत्या, ते नीट समजून घेतले पाहिजे. त्यांचा पाया १८७९ साली कार्लाइल गावी रिचर्ड प्रॅट नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने घातला. त्याचे सूत्र असे होते की पोराच्या आतला इंडियन मारून टाका आणि माणूस वाचवा. पोर आले की केस कापायचे, घरचे कपडे काढून गणवेश चढवायचा, नाव बदलायचे, घरची भाषा तोंडून निघाली की मार द्यायचा. सरकारने जमीन बंदुकीने घेतलीच होती, पण जमिनीवर हक्क सांगणारी आठवण आजी-आजोबांच्या जिभेवर शिल्लक होती. ती पुढे जाऊ नये म्हणून नातवंडच आजापासून तोडायचे, हा या शिक्षणाचा खरा अभ्यासक्रम होता. अमेरिकेच्या सरकारने स्वतः केलेल्या चौकशीचा अहवाल २०२४ साली पूर्ण झाला. १८१९ ते १९६९ या दीडशे वर्षांत अशा चारशेहून अधिक शाळा होत्या आणि त्यांत किमान ९७३ मुले मेली, असे त्यात नोंदले आहे. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांनी जाहीर माफी मागितली. बँक्स यांना जाऊन तेव्हा सात वर्षे झाली होती.

डेनिस या आणि अशाच दुसऱ्या शाळांत मिळून सुमारे अकरा वर्षे राहिला. अनेकदा पळाला, अनेकदा पकडून आणला गेला. त्याला सगळ्यात जास्त लागले ते वेगळेच. आईचे पत्र कधी आले नाही. आईने आपल्याला टाकले, अशी गाठ पोराच्या मनात बसली आणि मोठेपणीही सुटली नाही. म्हातारपणी त्यांच्या आयुष्यावर एक माहितीपट निघाला, तेव्हा सरकारी दप्तरातून शाळेच्या फायली काढल्या गेल्या. त्यांत आईची पत्रे होती. माझी लेकरे घरी पाठवा, अशी विनवणी करणारी. शाळेने ती फायलीला लावून ठेवली होती, पोराला दाखवली नव्हती. ती पत्रे हाती आली तेव्हा आई हयात नव्हती. मी चळवळीच्या अनेक कहाण्या वाचल्या आहेत, लाठ्या-गोळ्यांच्याही वाचल्या आहेत. पण त्या फायलीतली पत्रे मला जास्त छळतात.

पुढे डेनिस हवाई दलात भरती झाला आणि जपानला गेला. तिथे सुनागावा नावाच्या गावची शेतजमीन अमेरिकन विमानतळ वाढवण्यासाठी घेतली जात होती आणि गावकरी आडवे पडले होते. त्यांच्यासोबत डफ वाजवत बसलेले बौद्ध भिक्खू होते. पोलिसांच्या लाठ्या त्यांच्यावर पडल्या, ते हलले नाहीत. कुंपणाच्या आत बंदूक घेऊन उभ्या असलेल्या या अनिशिनाबे पोराने ते पाहिले, आणि आपण कोणाच्या बाजूला उभे आहोत हा प्रश्न त्याला पडला, असे त्यांनी आत्मचरित्रात सांगितले आहे. सुनागावाचा मोठा संघर्ष ऑक्टोबर १९५६ मध्ये झाला. त्याच महिन्यात नागपूरला दीक्षाभूमीवर आपले आई-बाप, आजे-पणजे पांढऱ्या कपड्यात उभे होते. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे मला माहीत आहे. तरी एका महिन्यात त्या घडल्या, हे मनातून जात नाही.

नंतरची काही वर्षे वाया गेली. जपानी बायको आणि लेक मागे राहिली, सैन्यातून काढले गेले, मिनिआपोलिस शहरात दारू, बेकारी, किरकोळ चोरी. १९६६ साली घरफोडीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली. तुरुंगात ते वाचायला लागले. १९६८ च्या उन्हाळ्यात बाहेर आले आणि जुलैमध्ये क्लाइड बेलेकोर्ट, जॉर्ज मिचेल आदी सहकाऱ्यांसोबत अमेरिकन इंडियन मूव्हमेंट उभी केली. पहिला कार्यक्रम साधा होता. शहरातल्या इंडियन वस्तीत पोलीस दर शनिवार-रविवारी दारूच्या अड्ड्यांबाहेर धरपकड करत, म्हणून कार्यकर्त्यांनीच रात्रीची गस्त सुरू केली. पोलिसांवर पाळत ठेवायची, पडलेल्याला उचलून घरी न्यायचे. आपल्या दलित पँथरचा जन्म १९७२ चा. वस्तीवरचा अत्याचार आणि त्यावर वस्तीतल्याच पोरांचा पहारा, हे दोन्हीकडे सारखेच.

१९७२ च्या नोव्हेंबरात मोडलेल्या करारांची यात्रा वॉशिंग्टनला धडकली आणि इंडियन खात्याची इमारत सुमारे आठवडाभर ताब्यात राहिली. २७ फेब्रुवारी १९७३ रोजी वुंडेड नी गाव ताब्यात घेतले गेले. याच ठिकाणी २९ डिसेंबर १८९० रोजी अमेरिकन घोडदळाने लाकोटा लोकांची, बायका-पोरांसह, कत्तल केली होती. आता त्यांची नातवंडे-पतवंडे तिथे ७१ दिवस बंदुकांच्या गराड्यात बसली. दोन आंदोलक गोळ्यांनी मेले. खटला उभा राहिला, पण सरकारी पक्षाने इतकी लबाडी केली की १९७४ च्या सप्टेंबरमध्ये न्यायाधीश फ्रेड निकोल यांनी बँक्स आणि रसेल मीन्स यांच्यावरचे आरोप फेटाळून लावले.

इथे एक गोष्ट लिहिलीच पाहिजे, कारण आपल्या चळवळीच्या लेखांतून अशा गोष्टी गाळण्याची वाईट सवय आहे. वुंडेड नीच्या वेढ्यात रे रॉबिन्सन हा काळा कार्यकर्ता मदतीला गेला आणि परत आलाच नाही. १९७५ च्या अखेरीस ॲना मे अक्वॅश या लढाऊ कार्यकर्तीवर सरकारी खबरी असल्याचा संशय घेऊन तिचा खून झाला आणि त्यात पुढे चळवळीशी संबंधित माणसांनाच शिक्षा झाल्या. बँक्स यांच्यावर त्या खुनाचा आरोप कधी ठेवला गेला नाही. पण नेता म्हणून हे प्रश्न त्यांना मरेपर्यंत विचारले गेले आणि समाधान होईल असे उत्तर मिळाले नाही. सरकारने चळवळीत खबरे पेरले होते, हे खरे. त्या विषाने आपलीच माणसे मारली गेली, हेही तितकेच खरे.

दुसऱ्या एका खटल्यात शिक्षा होणार म्हटल्यावर बँक्स भूमिगत झाले. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी त्यांना परत पाठवायला नकार दिला, म्हणून काही वर्षे ते तिथे सुरक्षित होते. त्याच काळात, ११ फेब्रुवारी १९७८ रोजी, सॅन फ्रान्सिस्कोच्या अल्काट्राझ बेटावरून ‘लाँगेस्ट वॉक’ निघाला. मूळ रहिवाशांचे करार रद्द करू पाहणारी विधेयके संसदेत आली होती, त्यांच्या विरोधात देश आडवा पायी तुडवायचा. या कल्पनेमागे असलेल्या बँक्स यांना मात्र कॅलिफोर्नियाची हद्द ओलांडता आली नाही, ओलांडली असती तर अटक झाली असती. मोर्चा १५ जुलैला वॉशिंग्टनला पोचला. त्यात जपानचे भिक्खूही डफ वाजवत चालले. विधेयके पडली.

१५ जुलै १९७८. त्यानंतर बाराच दिवसांनी, २७ जुलैला, आपल्या विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. पोचिराम कांबळे यांचे बलिदान झाले. पुढच्या वर्षी ११ नोव्हेंबर १९७९ रोजी प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला आणि आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या खडकपूर्णेच्या पुलावर पोलिसांनी तो अडवून लाठ्या चालवल्या. मी तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा होतो. बायाबापड्यांनी रात्रभर भाकरी थापल्या होत्या आणि त्या फडक्यात बांधून आम्ही मोर्चाला द्यायला निघालो होतो. त्या पुलाकडे पुन्हा येतो.

१९८४ साली बँक्स स्वतःहून हजर झाले, वर्षभराहून थोडी जास्त कैद भोगली आणि बाहेर आले. यानंतरच्या माणसाबद्दल वर्तमानपत्रे कमी लिहितात, कारण त्यात बंदुका नाहीत. मला मात्र हाच बँक्स मोठा वाटतो. ते लीच लेकला परतले. तळ्यातला भात आणि मेपलचा पाक विकण्याचा छोटा धंदा काढला. तरुणांना घेऊन देशोदेशी लांब पल्ल्याच्या धावा काढल्या. वयाच्या सत्तरीत, २००८ साली, पुन्हा देश आडवा पायी पार केला. पुढच्या यात्रांचे विषय मधुमेह, व्यसन, घरातली मारहाण असे होते. ज्या माणसाचे बालपण आजापासून तोडले गेले, तो आपल्या नातवंडांचा आजा व्हायला परत आला होता. अनिशिनाबे भाषेत आजोबांना मिशोमिस म्हणतात. त्यांच्या परंपरेत सद्गुणांच्या शिकवणीलाही ‘सात आजोबा’ असे नाव आहे. चळवळीतलेच एडवर्ड बेंटन-बनाई यांनी सेंट पॉल शहरात मुलांची शाळा चालवली, तिथे समाजाची भाषा आणि इतिहास शिकवला आणि १९७९ साली ‘मिशोमिस’ याच नावाचे पुस्तक लिहिले. मोर्चा चालू असतानाच शाळा निघाल्या होत्या, हे लक्षात घ्या.

आता आपल्याकडे वळतो, आणि इथे मला त्यांचे अनुकरण करता येत नाही. बँक्स यांना आजोबांकडे परत जाणे म्हणजे मुक्ती होती. तिथे ढोल होता, चिलीम होती, पूर्वजांची प्रार्थना होती. आपल्या पणज्याकडे काय होते? येसकराची काठी, मेलेले ढोर आणि वेशीबाहेरचा म्हसोबा. ती परंपरा जपायला बाबासाहेबांनी सांगितले नाही, फेकून द्यायला सांगितले. माझे आजोबा १९५६ साली मेहकरपर्यंत पायी आणि पुढे मिळेल त्या वाहनाने नागपूरला गेले. परत आल्यावर त्यांनी देव्हाऱ्यातले टाक धोतराच्या फडक्यात बांधले आणि खडकपूर्णेच्या डोहात सोडले. आजी आठ दिवस धास्तावलेली होती, कोणाला ताप येतो का पाहत होती. कोणाला आला नाही. मला वारशात मिळाले ते हे. आजाने नातवाला जुनेच द्यावे असे नाही, त्याने स्वतः निवडलेलेही देता येते.

पण आपल्याच जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याला, अशी माणसे आहेत ज्यांचे दुखणे अगदी बँक्स यांच्यासारखे आहे. जळगाव जामोद तालुक्यातल्या काही गावांत निहाल आदिवासी राहतात. त्यांची निहाली ही भाषा जगात दुसऱ्या कोणत्याच भाषेशी नाते सांगत नाही. शेजारच्या कोरकू आणि मराठीतून तिने पुष्कळ शब्द घेतले, पण तिचा गाभा ना मराठीच्या घरातला, ना द्रविड भाषांच्या, ना कोरकूच्या. कायपर नावाच्या डच पंडिताने १९६२ साली तिच्यावर ग्रंथ लिहिला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे अभ्यासक तिची नोंद करत आले. बोलणारे उरले ते दोन-अडीच हजारांच्या आसपास. आणि आपण, या जिल्ह्यातले आंबेडकरी कार्यकर्ते? ‘दलित-आदिवासी’ हा जोडशब्द आपण श्वासागणिक उच्चारतो. निहालीतला एक तरी शब्द आपल्यापैकी कोणाला येतो का? मला येत नाही. कबुली देतो.

या डोंगरातली पोरे आश्रमशाळेत जातात. शाळा नको, असे बाबासाहेबांचा कोणताही अनुयायी म्हणणार नाही. शिकल्याशिवाय आदिवासी पोराला वनहक्काचा कागद वाचता येणार नाही आणि सावकाराचा हिशेबही कळणार नाही. आपल्या आश्रमशाळा प्रॅटच्या शाळा नाहीत. पोर सुट्टीत घरी जाते, बाप भेटायला येऊ शकतो. पण २०१६ साली खामगाव तालुक्यातल्या पाळा येथे निवासी आश्रमशाळेत आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले, तेव्हा ते कशामुळे उघड झाले? तपासणी अधिकाऱ्यामुळे नव्हे. दिवाळीच्या सुट्टीत पोरी घरी गेल्या तेव्हा. घरी ऐकणारे माणूस होते, आणि पोरीला त्याच्याशी ज्या भाषेत बोलता येते ती भाषा शिल्लक होती. ती भाषा शाळेने काढून घेतली असती, तर ती पोर कोणाला काय सांगणार होती? पाइपस्टोनच्या फायलीतली पत्रे आठवतात ती इथे. निहाली, कोरकू बोलणारे एखादे म्हातारे माणूस शाळेत मानधनावर बसवले, संध्याकाळी तासभर पोरांशी बोलायला, तर सरकारी तिजोरी बुडणार नाही. जिल्ह्यातल्या आपल्या संघटनांनी निवेदनात ही मागणी घालायला कोणाची परवानगी लागते?

आणि आपल्या स्वतःच्या घराचे काय? माझी नात इंग्रजी शाळेत आहे. तिला मार्टिन ल्यूथर किंगवर निबंध येतो. नामांतर म्हणजे काय, हे तिने मला मागल्या हिवाळ्यात विचारले, म्हणजे तोवर मी सांगितले नव्हते. वीस वर्षे मी सभांतून दुसऱ्यांच्या पोरांना सांगत होतो. दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर बसवून तिला खडकपूर्णेवर नेले. पुलावरून ट्रक जात होते. कठड्याला टेकून मी तिला दाखवले, मोर्चा कोणत्या बाजूने आला, पोलिसांच्या गाड्या कुठे उभ्या होत्या, आम्ही भाकरी घेऊन कुठे थांबलो होतो. पाण्याकडे बोट करून खापरपणजोबांच्या टाकांचेही सांगितले. तिने ते अजून पाण्यात असतील का, असे विचारले. मग थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “आबा, लाठ्या चालल्या तेव्हा तुम्ही काय केलं?”

“पळालो,” मी म्हणालो. “भाकरीचं फडकं तिथंच राहिलं.”